अप्पांचं कपाट: न धावलेल्या इंजिनांची नोंदवही

२८ जून २०२५, शनिवार

काम काय आहे ते आधी लिहून ठेवते. अप्पांचा वाडा पुनर्विकासाला चालला आहे. दिवाळीनंतर इमारत होईपर्यंत भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहायचं, आणि त्या फ्लॅटमध्ये हे सागवानी कपाट मावणार नाही. कपाटात मॉडेल आगगाड्या आहेत. सत्तरएक इंजिनं, डब्यांची खोकी वेगळी. श्टुटगार्टला असलेल्या त्यांच्या मुलाला यादी हवी आहे आणि प्रत्येक इंजिनापुढे ‘स्थिती’ हा रकाना भरून हवा आहे.

स्थिती म्हणजे नेमकं काय, ते त्याने लिहिलेलं नाही. मी इन्स्ट्रुमेंटेशनमधली, माझ्या लेखी स्थिती म्हणजे वीज दिल्यावर काय होतं ते. अप्पा म्हणाले, “अगं, वरती एकदाच लिही ना. स्थिती उत्तम, एकही वापरलेलं नाही.”

त्यात खोटं काही नाही. इंजिन धावलंय की नाही हे चाकावर कळतं. रुळावर टेकणाऱ्या भागावर काळपट रेघ बसते, कितीही पुसली तरी थोडी उरते. इथे चाकं लखलखीत आहेत. जास्तीचे भाग असलेल्या पिशव्या (ब्रेकच्या नळ्या, एखादा जादा कपलर म्हणजे डबे जोडणारा आकडा, चाकाला घालायची रबरी कडी) टाचणी मारलेल्या तशाच आहेत. काही खोक्यांवर दुकानाची चिकटपट्टीसुद्धा शाबूत.

सामान जमवलं: १२ व्होल्टचा डीसी कंट्रोलर, ॲमीटर, चाकं जागच्या जागी फिरवणारा रोलर स्टँड, थोडा सरळ रूळ, आयसोप्रोपिल अल्कोहोल, कानकाड्या, प्लास्टिकला न खाणारं तेल. शिवणयंत्राचं तेल काकूंनी लगेच आणून दिलं होतं. धातूच्या बेअरिंगला ते चालेल, पण प्लास्टिकच्या गिअरजवळ मी ते नेणार नाही.

अप्पांची अट एकच: त्यांच्यासमोर उघडायचं.

५ जुलै

यादीत माझ्या मनाने एक रकाना वाढवला: ‘का नाही चाललं?’ अप्पांना वाटलं मी उलटतपासणी घेतेय. पण कपाटाचा एकेक कप्पा उतरवत गेलो तसे तेच रंगात आले. मला वाटलं होतं, सगळ्याला एकच उत्तर येईल, ‘खराब होईल म्हणून’. ते उत्तर आलं, पण फार कमी वेळा.

सगळ्यात मोठा गठ्ठा विजेमुळे अडलेला. जर्मनीतल्या ग्योपिंगेनची मेर्क्लिन ही कंपनी श्टुटगार्टपासून जवळच, त्यामुळे मुलगा तिकडे गेल्यापासून दर सुट्टीत तिथलं एकेक इंजिन घरी येत राहिलं. अप्पांचे रूळ मात्र दोन रुळांच्या डीसी पद्धतीचे, जी पद्धत जगात बहुतेक सगळे वापरतात. मेर्क्लिनची पद्धत तीन वाहकांची आणि एसीची: रुळांच्या मधोमध टिकल्यांची रांग असते, इंजिनाच्या पोटाखालची पट्टी त्यावरून घासत वीज घेते आणि दोन्ही रूळ मिळून परतीची वाट. म्हणून तिची दोन बाजूंची चाकं विजेच्या दृष्टीने एकमेकांपासून विलग केलेली नसतात. असं इंजिन दोन रुळांच्या मार्गावर नुसतं ठेवलं तरी शॉर्ट. आपल्या रेल्वेलाही हा पेच होताच. मुंबईकडे तेव्हा १५०० व्होल्ट डीसी होतं, इगतपुरीच्या पलीकडे २५,००० व्होल्ट एसी. तिथे दोन्हींवर चालणारी डब्ल्यूसीएएम इंजिनं काढली गेली. अप्पांनी काय केलं? इंजिनं कपाटात ठेवली आणि तीन वाहकांचे रूळ ‘पुढच्या वेळी’ आणायचं ठरवलं.

मी विचारलं, “अप्पा, मग मुलाला सांगायचं ना, डीसीचं आण म्हणून.”

“तो हौसेने आणतो गं. आणि मेर्क्लिन ती मेर्क्लिन.”

दुसरा गठ्ठा जागेने अडवलेला. त्यातलं पितळी ‘बिग बॉय’ म्हणजे या कपाटातला सगळ्यात महाग दागिना, अमेरिकेतल्या पुतण्याने आणलेला, कोरियात हाताने जोडलेला. युनियन पॅसिफिक रेल्वेसाठी अल्को कंपनीने १९४१ ते १९४४ मध्ये अशी २५ वाफेची इंजिनं बांधली. खरं इंजिन टेंडरसकट (मागचा इंधन-पाण्याचा डबा) सुमारे साडेचाळीस मीटर, म्हणजे एचओ या मॉडेलमापाच्या १:८७ प्रमाणात जवळजवळ सत्तेचाळीस सेंटिमीटर. पितळी मॉडेल अडखळू नये तर वळणाची त्रिज्या निदान पाऊण मीटर हवी, म्हणजे नुसतं अर्धवर्तुळ घ्यायला दीड मीटर रुंद टेबल. वाड्यातल्या त्यांच्या खोलीत दीड मीटर रुंद मोकळी जागा फक्त पलंगावर आहे.

एन गेजचा शिंकानसेन (जपानी बुलेट ट्रेन) संच का पडून? रूळच नाहीत. एन म्हणजे ९ मिलिमीटर, अप्पांचे रूळ १६.५ चे. मग घेतला का? “अरे वा, म्हणजे घ्यायचा नाही?” या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. एक गंमत मात्र त्यांनीच दाखवली. जपानची इतर एन मॉडेल्स १:१५० ची आणि शिंकानसेन १:१६०. जुने जपानी मार्ग १०६७ मिलिमीटरचे आणि शिंकानसेनचा १४३५ चा, पण खेळण्याचा रूळ दोघांना ९ चाच ठेवायचा म्हणून ही तडजोड. तोच हिशेब आपल्या १६७६ मिलिमीटरच्या ब्रॉडगेजला लावला तर एचओमध्ये रूळ १९.२६ मिलिमीटरचा हवा. कपाटातलं निळं डब्ल्यूडीएम-२ डिझेल (कुणीतरी अमेरिकन अल्कोवर भारतीय रंग चढवून केलेलं) १६.५ च्या रुळावर उभं केलं की खांदे रुंद आणि पाय जवळ असं दिसतं. अप्पांनी ते का चालवलं नाही? “बघवत नाही.”

आणि मग ती क्रमांक घातलेली, प्रमाणपत्रासकट आलेली, ठरावीक संख्येतच निघालेली इंजिनं. मेर्क्लिनचा इन्सायडर क्लब १९९३ पासून सभासदांसाठी दर वर्षी खास मॉडेल काढतो, मुलगा सभासद. इथे उत्तर सरळ होतं: “चालवलं की किंमत जाते.”

१२ जुलै

दिवसभर पाऊस. वाड्याच्या भिंतीला ओल आहे, कपाट त्याच भिंतीला टेकून. खोक्यांच्या पुठ्ठ्यावर बुरशीचे ठिपके आहेत, ते पुसून निघतील.

आज जे सापडलं ते पुसून निघणारं नाही. चीनमध्ये बनलेलं, विशीतलं एक ब्रिटिश डिझेल. खोकं न उघडलेलं, पट्टी मी ब्लेडने कापली. आत इंजिन मधून वर उचललं गेलं होतं, प्लास्टिकच्या बॉडीला दोन्ही बाजूंनी चिरा. बॉडी काढली तर खालची ओतीव चौकट फुगून वाकलेली. बोटाने दाबली तर कोपरा भुगा होऊन टेबलावर पडला. मोटर मात्र कोरी.

अप्पा बराच वेळ खोक्यावरचं चित्र आणि आतलं इंजिन आळीपाळीने बघत होते. “पडलं असेल का गं कधी?”

पडलेलं नाही. याला झिंक पेस्ट म्हणतात (पेस्ट म्हणजे लेप नव्हे, रोग), ब्रिटनमध्ये मॅझॅक रॉट. अशा चौकटी जस्त आणि थोड्या ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूच्या ओततात. धातू शुद्ध असेल तर शंभर वर्षं काही होत नाही. ओतताना त्यात शिशाचा अगदी अल्प अंश गेला, कारखान्यात भंगार वितळवताना तो सहज जातो, तर धातूच्या कणांच्या सीमांवर गंज धरायला लागतो. गंजलेला धातू जास्त जागा मागतो, म्हणून चौकट फुगते, लांबते, वाकते आणि शेवटी तडकते. दमट आणि उबदार हवेत हे लवकर होतं. उपाय नाही. शेजारच्या इंजिनाला लागण होत नाही एवढाच दिलासा. अप्पांनी तेच आधी विचारलं.

महत्त्वाचं हे की धावण्याचा याच्याशी संबंध शून्य. ते रोज धावलं असतं तरी फुटलं असतं आणि खोक्यात होतं तरी फुटलं. फरक पडला असता तो इतकाच, की दहा वर्षांपूर्वी बाहेर काढलं असतं तर फुगायला लागलेली चौकट दिसली असती आणि तेव्हा बदली चौकट मिळाली असती.

संध्याकाळी आणखी दोन खोक्यांत वेगळाच प्रकार. आतला करडा स्पंज विरघळून चिकट झालेला आणि इंजिनाच्या छपराला बसलेला. पॉलियुरेथेनच्या स्पंजला हवेतली ओल अशीच खाते. रंगाला धक्का न लावता तो काढायला रात्र झाली. मूळ खोकं, मूळ स्पंज म्हणून जे जपलं, त्यानेच रंग खराब केला. स्पंज सगळीकडचा काढून टाकायचा आणि आम्लरहित टिश्यू घालायचा असं ठरलं. अप्पांचा विरोध होता, पण आजच्यानंतर तो फारसा टिकला नाही.

काकू मधेच म्हणाल्या, “पैठणीची घडी वर्षातून एकदा मोडावीच लागते. नाही मोडली तर घडीवरच फाटते. हे यांना चाळीस वर्षं सांगतेय, पण पैठणीबद्दल सांगतेय असं त्यांना वाटत होतं.”

१९ जुलै

पद्धत बसली. आधी हाताने चाक फिरवून बघायचं. अडलं तर वीज द्यायचीच नाही, उघडायचं. आतलं ग्रीस बहुतेक ठिकाणी मेणासारखं झालेलं आहे, जुन्या जर्मन इंजिनांत तर लाखेसारखं. ते अल्कोहोलने काढायचं, सुईच्या टोकावर मावेल तेवढं नवं तेल, गिअरला पातळ थर ग्रीस. मग रोलरवर कमी व्होल्टेजला चढवून ॲमीटरवर नजर ठेवायची. रोको कंपनीचं स्विस इलेक्ट्रिक सुरुवातीला अर्ध्या ॲम्पिअरच्या वर गेलं, गरम होईल म्हणून हात स्विचवरच होता. दहा मिनिटांत कमी होत होत पाव ॲम्पिअरवर आलं आणि आवाजही बदलला. नंतर दोन्ही दिशांना अर्धा-अर्धा तास मध्यम वेगाने. नव्या इंजिनासोबत येणाऱ्या कागदावर साधारण हेच सांगितलेलं असतं. इथे ते तेवीस वर्षं उशिरा झालं.

एक अमेरिकन डिझेल ‘टक्-टक्’ करत लंगडत होतं. आसावर दाबून बसवलेला प्लास्टिकचा गिअर उभा चिरलेला. हाही वापराचा दोष नाही: गिअरचं भोक आसापेक्षा किंचित लहान, त्यामुळे प्लास्टिक कायम ताणात, आणि वर्षानुवर्षं ताणात राहिलं की एक दिवस फटतं. चीर गिअरच्या दात्यांमध्ये पडते, म्हणून प्रत्येक फेऱ्यात एक ठेच. चारही गिअर तसेच निघाले. बदली गिअर मिळतात.

२६ जुलै

बदली गिअर मिळतात, पण मागवायचे कसे हा वेगळा विषय. स्केल मॉडेल्स आणि खेळणी सीमाशुल्काच्या एकाच शीर्षकात, ९५०३ मध्ये येतात. तिथला दर २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० झाला, २०२३ मध्ये ७०. त्यात २०२१ पासून खेळण्यांना बीआयएसच्या गुणवत्ता-शिक्क्याची सक्ती. म्हणून आपल्याकडचा प्रत्येक संग्राहक ‘कोण येतंय?’ याच्या शोधात असतो, आणि कुणी येत असेल तेव्हा जे सापडेल ते घेऊन ठेवतो. चालवायचं नंतर बघू. अप्पांच्या कपाटाचं अर्धं स्पष्टीकरण इथे आहे. गिअर पुतण्याच्या पत्त्यावर मागवले, तो ऑक्टोबरात येतोय.

२ ऑगस्ट

क्रोकोडाइल.

मूळ विजेचं इंजिन स्वित्झर्लंडचं, सीई ६/८ दोन या वर्गाचं, १९१९ ते १९२२ मध्ये गोटहार्ड घाटासाठी बांधलेलं. दोन्हीकडे लांब नाक, मधे केबिन, बाजूने दांडे. मेर्क्लिनने त्याचं एचओ मॉडेल १९४७ मध्ये काढलं आणि तेव्हापासून ते या छंदातलं सगळ्यात ओढीने जमवलं जाणारं इंजिन आहे. अप्पांकडचं १९८० च्या दशकातलं, हिरवं, ॲनालॉग.

त्यांना मात्र ते गोटहार्डसाठी नको होतं. जीआयपी रेल्वेने बोरघाटासाठी जे विजेचं मालगाडीचं इंजिन आणलं, पुढे ज्याला डब्ल्यूसीजी-१ म्हणू लागले, त्याची पहिली तुकडी १९२८ मध्ये विंटरटूरच्या स्विस कारखान्यातूनच आली. बोरघाटाचा चढ १:३७, गोटहार्डचा जवळपास तेवढाच, त्यामुळे घडणही त्याच वळणाची. आपल्या माणसांनी त्याचं नाव ठेवलं ‘खेकडा’. लहानपणी अप्पा मामाकडे लोणावळ्याला जात. खेकडे जाताना दांड्यांचा जो आवाज येई तो त्यांनी मला तोंडाने काढून दाखवला. त्यातला एक खेकडा, ‘सर लेस्ली विल्सन’, दिल्लीच्या रेल्वे संग्रहालयात उभा आहे. खेकड्याचं मॉडेल बाजारात मिळत नव्हतं, म्हणून त्याचा स्विस भाऊ.

आणि तो भाऊ घरात आल्यापासून एक इंचही हललेला नव्हता.

मेर्क्लिनचा निळा जुना ट्रान्सफॉर्मर कपाटात होता, तो मी बाजूला ठेवला. तो २२० व्होल्टसाठीचा, आपल्याकडे २३० आणि त्याहून वर. बाहेरचा व्होल्टेजही त्याच प्रमाणात चढतो, शिवाय वायर कडक होऊन तडकलेली. त्याऐवजी कंट्रोल पॅनेलमध्ये असतो तसला २४ व्होल्ट एसीचा ट्रान्सफॉर्मर घेतला आणि त्याच्या आधी डिमरस्टॅट (व्होल्टेज हवा तसा कमी-जास्त करणारं उपकरण) लावला. म्हणजे शून्य ते २४ हवं तसं, आणि मेन्सपासून पूर्ण विलग.

या इंजिनात चुंबकाची मोटर नाही, गुंडाळीची आहे, मिक्सरमध्ये असते त्या जातीची. तिला एसी-डीसी दोन्ही चालतं, पण तारा उलट्या लावून ती उलटी फिरत नाही, कारण फिल्ड (स्थिर गुंडाळी) आणि आर्मेचर (फिरती गुंडाळी) दोन्ही एकदम उलटतात. दिशा बदलायला आत एक रिले, म्हणजे विजेने हलणारा स्विच, असतो: १६ व्होल्टपर्यंत गाडी चालते, क्षणभर २४ दिले की रिले उडी मारतो आणि दिशा बदलते. हा रिलेच अडकून बसला होता. धूळ नाही, गंज नाही. नुसता बिजागरीत घट्ट झालेल्या तेलाचा थर. साफ केला. स्प्रिंगला हात लावला नाही.

रोलरवर ठेवलं, एक क्लिप पोटाखालच्या पट्टीला, एक चाकाला. डिमरस्टॅट हळूहळू वर. सहा, सात, आठ. दिवे लागले. नवाला मोटर गुरगुरली आणि दांडे हलले. अप्पा उठून उभे राहिले, मग परत बसले. मला वाटलं काही बोलतील. ते म्हणाले, “उजवा दांडा किंचित मागे आहे का गं?” होता. तो नीट केला, मग पुन्हा चालवलं, मग २४ चा झटका दिला, उलटं चालवलं. काकूंना बोलावून पुन्हा एकदा.

आज यादीत बाकी काही झालं नाही.

९ ऑगस्ट

राखी पौर्णिमा, काम बंद. मुलाचा फोन आला होता. क्रोकोडाइलचा व्हिडिओ त्याला आवडला, पण त्याने विचारलं की विकायच्या यादीत ‘चाललं’ असं लिहिलं तर किंमत पडेल का. पडेल, थोडी. पण तिकडच्या बाजाराचं त्यालाच माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे: ज्या पिढीने लहानपणी हे पाहिलं आणि म्हातारपणी विकत घेतलं ती आता विकते आहे, तिच्यानंतर घेणारे कमी. मेर्क्लिन स्वतः आपल्या १५० व्या वर्षी, फेब्रुवारी २००९ मध्ये दिवाळखोरीत गेली. २०१३ मध्ये सिम्बा-डिकी समूहाने घेतली म्हणून आज आहे. न उघडलेल्या खोक्याची किंमत ते खोकं कुणाला तरी न उघडता हवं असेपर्यंतच. आणि विकताना ‘आतली चौकट शाबूत आहे, मी बघितली’ असं लिहिता येणं ही माझ्या मते ‘कोरं’पेक्षा मोठी गोष्ट आहे. त्याला हे पटलं नाही. आमच्यात अप्पांनी मत दिलं नाही.

२३ ऑगस्ट

बुधवारी गणपती. माळ्यावरून अप्पांनी तुटक्या झाकणाचं खोकं उतरवलं: लीमा कंपनीचा संच, इटलीतल्या विचेन्झाचा, मेहुण्याने दुबईहून आणलेला. दरवर्षी मखराभोवती फिरणारी गाडी ती हीच. मुलगा लहान असल्यापासून एकही वर्ष चुकलेलं नाही. हिची नोंद यादीत नाही, “ती कुठे संग्रहातली!”

तरी मी उघडलं. चाकं काळी, एक बफर गायब, रंग कोपऱ्यांवर उडालेला. मोटरचे ब्रश झिजून निम्मे. पण आत कुठेही घट्ट ग्रीस नाही, कारण दरवर्षी ऑगस्ट-सप्टेंबरात अप्पा स्वतः दोन थेंब तेल घालतात. ती पहिल्या झटक्यात धावली आणि धावताना लीमा करते तसा भयंकर आवाज केला. आतापर्यंतच्या इतक्या खोक्यांत हे स्वस्तातलं एकच इंजिन मी हात न लावता चाललं. कोथरूडला जोशींच्या लघुरेल्वे संग्रहालयात, १९९८ पासून, गाड्या लोकांसमोर चालवतातच. झीज होते, भाग बदलतात. तिकडे अप्पांनी मला शाळेत असताना नेलं होतं. त्यांना हे ठाऊक नव्हतं असं कसं म्हणू?

३१ ऑगस्ट

गौरी आल्या. मखराभोवती आज रोकोचं स्विस इलेक्ट्रिक लीमाचे डबे ओढतंय. मी सुचवलेलं नाही. दोघांचे कपलर जुळत नव्हते, ते अप्पांनी पिशवीतल्या जादा कपलरने जुळवले. म्हणजे टाचणी मारलेली एक पिशवी फुटली. शेजारचा मुलगा वेग पूर्ण लावतो आणि वळणावर डबे पडतात. अप्पा त्याला ओरडत नाहीत, मीच ओरडते.

शिंकानसेनसाठी मी नऊ मिलिमीटरचा छोटा वळसा मागून आणला होता. जोडला, चालला, काहीही करावं लागलं नाही. लिहिण्यासारखं तिथे काही नाही.

१३ सप्टेंबर

यादी पूर्ण. बहुतेक इंजिनं चालली. काही गिअरवाचून थांबली आहेत, दोन चौकटी गेल्या, मेर्क्लिनची अजून चारेक राहिली आहेत कारण त्यातल्या डिजिटल डीकोडरला माझा डिमरस्टॅट लावायचा नाही. त्यांना योग्य सेंट्रल, म्हणजे डिजिटल कंट्रोलर, हवं.

‘बिग बॉय’ चालवायचं नाही असं ठरलं आणि या वेळी मी अप्पांच्या बाजूची आहे. त्याला रूळ नाही, पितळावरचा लॅकर बोटांच्या घामाने डागळतो, आणि रोलरवर दोन्ही चाकसंच एकदम बसत नाहीत. गिअरबॉक्स उघडून वंगण बदललं, मोटर हाताने फिरवली, स्पंज काढला. ४०१४ क्रमांकाचं खरं ‘बिग बॉय’ मात्र १९६१ मध्ये निवृत्त होऊन अनेक वर्षं कॅलिफोर्नियातल्या पोमोनाच्या प्रदर्शनात उभं राहिलं आणि २०१९ मध्ये पुन्हा वाफेवर धावलं, हे मी अप्पांना सांगितलं. “त्यांच्याकडे रूळ होते,” अप्पा म्हणाले.

मुलाला यादी पाठवली. स्थितीच्या रकान्यात मी आकडे दिले आहेत: किती व्होल्टला हललं, स्थिर झाल्यावर किती ॲम्पिअर. ‘का नाही चाललं?’ हा रकाना पाठवण्याआधी काढणार होते. अप्पांनी राहू दे म्हणून सांगितलं, आणि डब्ल्यूडीएम-२ समोरचं ‘बघवत नाही’ खोडून ‘रूळ अरुंद’ असं लिहायला लावलं.

बाकी काम: गिअर आले की अमेरिकन डिझेल. सिलिका जेलच्या पुड्या बदलणे. भाड्याच्या फ्लॅटच्या हॉलची मापं घेणे. काकू म्हणतात दीड मीटर मिळणार नाही, अप्पा म्हणतात सोफा नको.